हॉलंड स्ट्रीट, चार नंबर

हॅमरस्मिथ, लंडन
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र वाईला पोचेल तोवर आजोबांचं श्राद्ध होऊन गेलेलं असेल. याही वर्षी मला येता आलं नाही, त्याची रुखरुख आहे. आई, आमसुलाची चटणी आणि वडे केले असशील. इथे बसून वास आला मला.

बाबा, तुमचं काम काल केलं. फोनवर बोलले नाही, कारण कानाला मशीन लावून तुम्ही फोन घेतलात की अर्धी वाक्यं खरखरीत जातात, आणि यातलं एकही वाक्य जाऊ नये असं मला वाटतं. म्हणून कागदावर लिहितेय, मोठ्या अक्षरात आणि कागदाच्या एकाच बाजूला.

हॉलंड स्ट्रीट, चार नंबर. गेले, पाहिलं, बराच वेळ समोर उभी राहिले. दुकान नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं. ते बंद होऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तरी तुम्ही म्हणाला होतात, "नुसता उंबरठा पाहून ये." पाहून आले.

आई, तुला मुळापासून सांगते, नाहीतर बापलेकीचं काहीतरी चाललंय म्हणून तू पत्र खाली ठेवशील. कपाटाच्या वरच्या खणात बाबांनी ज्या रेकॉर्डी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत ना, त्यांवर वाजणारी गिटार ज्याची, त्या जिमी पेजचं हे दुकान. त्याचा लेड झेपलिन हा बँड १९६८ मध्ये निघाला आणि चार-पाच वर्षांत जगभर त्याचं नाव झालं. अशा माणसाने हातात पैसा आल्यावर पुस्तकांचं दुकान काढलं. तेही गूढविद्येच्या पुस्तकांचं. ज्योतिष, किमया, टॅरोचे पत्ते, कबाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या, मंत्रविद्येच्या जुन्या पोथ्या. कारण त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय, आणि ते अगदी साधं आहे: लंडनमध्ये या विषयाचा चांगला साठा असलेलं एकही दुकान त्याला सापडेना, हवी ती पुस्तकं मिळेनात, म्हणून तो वैतागला होता.

हे कळल्यापासून माझ्या मनात या दुकानाविषयी जिव्हाळा आहे. लोक सैतान, शाप, रक्ताने केलेले करार असलं काय काय सांगत बसतात. आणि खरी गोष्ट एका वाचकाची आहे, ज्याला पुस्तक मिळत नव्हतं.

तसं पाहिलं तर लंडनमध्ये अशी दुकानं नव्हतीच असं नाही. सेसिल कोर्ट नावाच्या बोळात वॉटकिन्सचं दुकान आहे, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं. म्युझियम स्ट्रीटवर अटलांटिस आहे, १९२२ पासून. दोन्ही आजही उघडी आहेत. पण पेजला जे आणि जितकं हवं होतं, ते त्याला तिथे मिळालं नसावं. बाबा, वॉटकिन्सची गोष्ट तुम्हाला आवडेल. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंनी तक्रार केली, की या विषयाची पुस्तकं घ्यायला लंडनमध्ये जागाच नाही, आणि त्यावरून पहिल्या वॉटकिन्सने दुकान काढलं असं सांगतात. म्हणजे ऐंशी वर्षं आधी, याच शहरात, हीच तक्रार. आणि ह्या बाई १८७९ मध्ये मुंबईला उतरल्या तेव्हा थिऑसॉफिकल सोसायटीचं बिऱ्हाड गिरगावातच थाटलं होतं. तुमच्या चाळीपासून फार लांब नसणार.

पेजच्या दुकानाचं नाव इक्विनॉक्स, म्हणजे संपात. दिवस आणि रात्र सारखे होतात तो दिवस. आज दुपारी कॅलेंडर पाहताना लक्षात आलं, की आजच शरदसंपात आहे. मी ठरवून केलेलं नाही, शनिवारी सुट्टी होती म्हणून काल गेले. तुम्ही म्हणाल, योगायोग असेच असतात. आजोबा तसं म्हणाले नसते.

नाव घेतलं होतं ॲलिस्टर क्राउलीच्या नियतकालिकावरून. १९०९ ते १९१३ या काळात ते दर संपाताला, म्हणजे वर्षातून दोनदा निघायचं, आणि त्यावर ब्रीद असायचं: पद्धत विज्ञानाची, ध्येय धर्माचं. हा क्राउली मद्याच्या पैशावर वाढलेल्या घरातला, केंब्रिजला शिकलेला, कवी, गिर्यारोहक. १९०२ मध्ये के-टूच्या मोहिमेत होता, १९०५ मध्ये कांचनगंगेच्या. बाकी आयुष्य मंत्रविद्येत घालवलं आणि १९४७ मध्ये हेस्टिंग्जला पैशाअडक्याविना वारला. पेज त्याला गैरसमजाचा बळी ठरलेला बुद्धिमान माणूस मानतो. माझं मत तसं नाही. मी त्याच्याविषयी जेवढं वाचलं, त्यात त्याच्यावर विश्वास टाकलेल्या माणसांची, विशेषतः बायकांची, फार परवड झालेली दिसते, आणि ते मला विसरता येत नाही. पण दुकानाबद्दल आदर वाटायला क्राउलीबद्दल वाटायलाच हवा असं नाही. आजोबांच्या मांडणीवर किती तऱ्हेच्या पोथ्या होत्या. सगळ्यांवर त्यांची श्रद्धा थोडीच होती? पण कसरीपासून ते सगळ्या सारख्याच जपायचे.

आता कालची हकिगत.

मी एकटी गेले नव्हते. आमच्या ऑफिसातले एक सहकारी येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या टेबलावर तुमचं ते चित्र पाहिलं, लेड झेपलिनच्या चौघांच्या चार चिन्हांचं. जेजेत असताना तुम्ही बोरूने काढलेलं, ज्याची मी फ्रेम करून आणलीय. त्यांनी ते उचललं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "कोणी काढलं?" म्हटलं, "वडिलांनी. मुंबईत. १९७२ साली." तिथून सगळं सुरू झालं. ते शाळकरी वयात त्या दुकानासमोर जाऊन उभे राहायचे. काल ते आले आणि त्यांची थोरली बहीणही आली. ती सत्तरीची आहे, काठी घेऊन चालते, पण चढ चढताना आम्हा दोघांच्या पुढे होती.

नऊ नंबरच्या बसने केन्सिंग्टन हाय स्ट्रीटला उतरलो. कोपऱ्यावर सेंट मेरी ॲबट्सचं उंच कळसाचं चर्च आहे. तिथून चर्च स्ट्रीटचा चढ लागतो आणि डाव्या हाताला हॉलंड स्ट्रीट फुटतो. बाबा, गल्ली म्हणावी इतका लहान रस्ता. हाय स्ट्रीटवरचा गोंगाट मागे पडतो आणि एकदम आपल्या पावलांचा आवाज ऐकू येतो. दुतर्फा जुनी, बुटकी, नीटनेटकी घरं, खाली मोजकी दुकानं. तेरा नंबरवर निळी पाटी आहे वॉल्टर क्रेनची. लहान मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांचा वॉल्टर क्रेन, ज्याच्या रेघेबद्दल तुम्ही मला दहावीच्या सुट्टीत तासभर सांगितलं होतं! तो इथे राहायचा. पुढे एका लेखिकेच्या घरालाही पाटी आहे. चार नंबरला मात्र काही नाही. पाटी नाही, नाव नाही, भिंतीवर ओरखडासुद्धा नाही.

सहकारी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेले, एक जागा शोधली आणि म्हणाले, "इथे." पंधरा वर्षांचे होते. १९७५ चा शरद ऋतू. एका मित्राबरोबर आगगाडीने यायचे, लागोपाठ तीन शनिवार आले. पेज येईल, दार उघडेल, एकदा दिसेल, एवढीच आशा. तीनही शनिवार तो दिसला नाही. बहीण तिथेच म्हणाली, "कसा दिसेल? त्या वर्षी तो देशातच नव्हता." खरंच आहे ते. तेव्हा इंग्लंडमध्ये मोठ्या कमाईवर ८३ टक्क्यांपर्यंत आयकर होता आणि तो टाळायला बँडचे चौघेही ते वर्षभर देशाबाहेर राहत होते. सहकाऱ्यांनाही हे आज माहीत आहे. पण त्या जागेवर उभं राहिल्यावर ते पुन्हा पंधरा वर्षांचे झाले होते, आणि मला वाटतं, काल चौथ्यांदा वाट पाहत होते.

आत जायचं धैर्य त्यांना तिसऱ्या शनिवारी झालं. काय आठवतं, तर उदबत्तीचा वास, आपल्या बुटांना चिखल लागलाय याची लाज, आणि काचेआडच्या पुस्तकांच्या किमती. खिशातल्या पैशांत काहीच येण्यासारखं नव्हतं. दुकानाची सजावट इजिप्शियन आणि आर्ट डेको अशा मिश्र थाटाची होती, आणि भिंतीवर लावलेली होती क्राउलीची जन्मकुंडली. हे मात्र दोघांनाही आठवतं.

बाकी कशावरही त्या बहीणभावांचं एकमत नाही. भाऊ म्हणतो दुकान अंधारं होतं, बहीण म्हणते छान उजेड होता, वाचता यायचं. मी दोघांचं ऐकत होते आणि लक्षात येत होतं, की भाऊ पेजला बघायला गेला होता आणि बहीण पुस्तकं बघायला. दोघं एकाच दारातून दोन निरनिराळ्या दुकानांत गेली होती.

तिने पिशवीतून पुस्तक काढलं. फडक्यात गुंडाळलेलं, आपण पोथी बांधतो तसं. इक्विनॉक्स हे नुसतं दुकान नव्हतं, प्रकाशनही होतं. फक्त दोन पुस्तकं काढली त्यांनी. एक इझाबेल हिकी या अमेरिकन बाईंचं ज्योतिषावरचं, आणि दुसरी गोएशिया, म्हणजे सॉलोमन राजाच्या नावावर चालत आलेल्या मंत्रविद्येच्या पोथीचा पहिला भाग. मॅथर्स नावाच्या गूढविद्येच्या अभ्यासकाने इंग्रजीत आणलेला, क्राउलीने १९०४ मध्ये छापलेला. तिची हुबेहूब आवृत्ती पेजने १९७६ मध्ये काढली. यातली मला भिडलेली गोष्ट सांगते. १९०४ च्या मूळ प्रतीवर प्रकाशनस्थळ म्हणून बोलस्किनचा पत्ता आहे. स्कॉटलंडमध्ये लॉख नेसच्या काठावरचं ते घर क्राउलीने १८९९ मध्ये घेतलं होतं. आणि १९७६ मध्ये पोथी पुन्हा छापताना त्या घराचा मालक होता पेज! तो स्वतः तिथे फारसा राहिलाच नाही, बालपणीच्या मित्रावर सोपवून ठेवलं होतं. १९९२ मध्ये विकलं. पुढे २०१५ आणि २०१९ अशा दोन आगी लागल्या त्याला. आता एक न्यास ते दुरुस्त करतोय.

बहिणीकडे होतं ते हिकीबाईंचं. तेव्हा बावीस वर्षांची होती, एका दवाखान्यात टंकलेखन करायची, पगारातून घेतलं. मला हातात घेऊ दिलं. समासात पेन्सिलीने बारीक नोंदी, तीन-चार वेगवेगळ्या काळांतल्या, अक्षर हळूहळू थरथरतं होत गेलेलं. म्हणाली, लेड झेपलिनचं तिने कधी धड काही ऐकलं नाही, तिला तो आवाज सोसवत नाही. दुकान कुणाचं आहे हेही तिला भावाकडूनच कळलं. तिला हवं ते पुस्तक मिळालं, बस्स.

बाबा, मला वाटलं, पेजला हेच हवं असणार.

मग ते बंद का झालं? शापबिप काही नाही. बँडच्या दौऱ्यांत त्याला वेळ नव्हता. दुकान पैसे मिळवेल असं चालवायचं तर धंद्याच्या दृष्टीने बरंच काही बदलावं लागलं असतं, आणि त्याची तशी इच्छा नव्हती. त्याला ते एक केंद्र म्हणून हवं होतं, एवढंच तो म्हणाला. सत्तरचं दशक संपता संपता भाडेपट्टा संपला, तो पुन्हा केला नाही. संपलं. त्याच सुमाराला त्या चौघांवर एकेक घाव पडत गेले: गायक रॉबर्ट प्लांटचा १९७५ मधला मोटार अपघात, १९७७ मध्ये त्याच्या पाच वर्षांच्या मुलाचा आजाराने मृत्यू, सप्टेंबर १९८० मध्ये अतिमद्यपानाने गेलेला ड्रमर जॉन बॉनम. आणि लोकांनी हे सगळं त्या पुस्तकांच्या माथी मारलं. मला या बोलण्याची चीड येते. एका बापाचं मूल गेलं, आणि त्याला सांगायचं, की तुझ्या मित्राने भलत्या पोथ्या वाचल्या म्हणून? बहिणीला याबद्दल विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दारूच्या बाटलीवर मंत्र लागत नाही."

तिथून सहकारी म्हणाले, चला, टॉवर हाउस दाखवतो. पंधरा-वीस मिनिटांची वाट. पेजचं घर ते, मेलबरी रोडवर. १९७२ मध्ये त्याने ते रिचर्ड हॅरिस या नटाकडून साडेतीन लाख पौंडांना घेतलं, डेव्हिड बोवीलाही तेच हवं होतं. लाल विटांचं, गोल मनोऱ्याचं, गोष्टीतल्या किल्ल्यासारखं. आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं, थांबलो नाही. माणूस ऐंशी वर्षांचा आहे, त्याच्या दाराशी घोटाळणं बरं नाही.

पण बाबा, आता खुर्चीत नीट बसा. हे घर वास्तुरचनाकार विल्यम बर्जेसने स्वतःसाठी बांधलं, १८७५ ते १८८१, आणि तिथेच तो वारला. हा बर्जेस म्हणजे ज्याने तुमच्या जेजे स्कूलच्या इमारतीचा आराखडा काढला होता तो! १८६६ च्या सुमाराचा. ती इमारत कधी उभी राहिलीच नाही. आराखडे घेऊन त्याचा शिष्य विल्यम इमर्सन मुंबईत आला होता. जेजेचं काम झालं नाही, पण इमर्सन राहिला आणि त्याने क्रॉफर्ड मार्केट बांधलं. पाच वर्षं तुम्ही रोज ज्या मार्केटवरून कॉलेजात गेलात ते. रात्री घरी येऊन हे सगळं पुन्हा पडताळून पाहिलं, मग तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणला.

आतली वर्णनं वाचून मी हरखून गेलेय. ग्रंथालयातल्या शेकोटीवर बाबेलचा मनोरा कोरलाय आणि तिथून व्याकरणातल्या शब्दांच्या जाती मूर्तिरूपाने बाहेर पडताहेत, नाम, क्रियापद, सगळी. तिथेच मुळाक्षरांची पट्टी आहे, आणि त्यातलं 'एच' हे अक्षर पट्टीवरून खाली घसरलेलं दाखवलंय, कारण लंडनची सामान्य माणसं बोलताना ते गाळतात. आणि प्रवेशाच्या दालनाचं छत: त्यावर राशी आणि तारकापुंज रंगवलेत, घरात पहिल्यांदा राहायला आले त्या वेळी ते आकाशात जसे होते तसेच. म्हणजे त्या घराची जन्मकुंडलीच छतावर आहे! असं छत रोज डोक्यावर असणाऱ्या माणसाने दुकानाच्या भिंतीवर कुंडली टांगली, यात नवल कसलं?

१९७२ म्हटलं की तुमची ती हळहळ आठवते. त्याच वर्षी पेज आणि प्लांट मुंबईत होते, तिथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्ये एका रात्री वाजवलं. आणि तुम्ही तेव्हा गिरगावात, दुसऱ्या दिवशीच्या सबमिशनसाठी पोस्टर रंगवत बसला होतात. कित्येक वर्षांनी हे कळलं तेव्हा तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात, असं आई सांगते. ती मुंबईची मुद्रणं २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली, तेव्हा मी तुम्हाला फोनवर लावून दिली होती. तबला सुरू झाला आणि तुम्ही म्हणालात, "हा हात आपल्याकडचा." माझ्या सहकाऱ्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुझे वडील आणि मी, दोघांचीही चुकामूकच." पण तुमच्यासाठी त्यांनी एक निरोप दिलाय: मुंबईच्या रिदम हाउस या रेकॉर्डींच्या दुकानातल्या बंद खोलीत हेडफोन लावून उभ्या उभ्या रेकॉर्ड ऐकायची तुमची गोष्ट त्यांना हॉलंड स्ट्रीटपेक्षा जास्त आवडली. रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी हॅट काढली. मला भरून आलं.

मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जो पब आहे तिथे परत जाऊन बसलो, त्या बहीणबाई दमल्या होत्या. मी कॉफी घेतली. त्यांना आजोबांबद्दल सांगितलं. चार चिन्हांचं तुमचं चित्र आजोबांच्या हाती लागलं तेव्हाची गोष्ट. तुम्हाला वाटलं होतं आता फाडतात. आणि त्यांनी चष्मा लावून पेजचं ते चिन्ह निरखलं आणि विचारलं, "यंत्र आहे का हे? देवता कोणती?" तुम्ही म्हणालात, माहीत नाही, गिटार वाजवतो तो. तर म्हणाले, "मग रेघ तरी नीट काढ. यंत्राची रेघ तुटलेली चालत नाही." आणि बोरू तासून दिला. बाई हे ऐकताना पुढे झुकल्या होत्या. म्हणाल्या, "असा माणूस त्या दुकानात हवा होता."

मग मी फोनवर माझी पत्रिका दाखवली, आजोबांनी मांडलेली. पासपोर्टबरोबर तिचा फोटो ठेवलेला असतो मी. बाईंनी फोन उभा धरला, आडवा धरला. त्यांची कुंडली गोल, चाकासारखी, आपली चौकोनी. पहिलं घर कुठलं, म्हणाल्या. वरचं मधलं, लग्नस्थान, मी सांगितलं. आकडे घरांचे नाहीत, राशींचे आहेत, हेही सांगितलं. एवढं कळल्यावर त्यांना कुणी थांबवेना. पेन्सिल काढली, कागदी रुमालावर चाक काढलं आणि एकेक ग्रह उचलून त्यात बसवायला लागल्या. बसवता बसवता थबकल्या. म्हणाल्या, बहुतेक ग्रह एकेक रास मागे का आहेत? मग स्वतःच हसल्या. त्यांची मेष वसंतसंपातापासून सुरू होते आणि आपली स्थिर ताऱ्यांपासून, आणि दोन्हींत आता चोवीस अंशांचं अंतर पडलंय. पुस्तकात त्यांनी हे वाचलेलं होतं, पण कुणाच्या हातची मांडलेली खरी पत्रिका समोर ठेवून कधी पाहिलं नव्हतं. ज्या शब्दाचं नाव त्या दुकानाला होतं, त्याच शब्दाचा सगळा फरक.

अडीच तास गेले. बाहेर अंधारून आलं होतं. सहकारी मधूनमधून खिडकीतून त्या चार नंबरच्या दिशेने पाहत होते.

निघताना बाईंनी विचारलं, आजोबा हे कोऱ्या कागदावर हाताने आखायचे की छापील मिळायचं? म्हटलं, लाल शाईने आखायचे, गठ्ठा करून ठेवायचे. त्यांना तसा एक कागद हवाय. नुसता आखलेला, ग्रह न भरलेला. पुस्तकात ठेवणार आहेत, शेवटच्या पानाशी.

बाबा, माडीवर पत्र्याच्या पेटीत, पंचांगांच्या खाली, असे कागद असायचे. वाळवी लागली नसेल तर त्यातला एक बघा. मिळाला तर दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवा, घडी नको. आणि नसलाच शिल्लक, तर तुम्हीच एक आखून द्या. बोरूनेच.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? दिवाळीचं तिकीट काढलंय.

तुमची,
मनू